विद्याशाखा चषक: पोहणं आणि कर्लिंग – कामाच्या नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

विद्यार्थी क्रीडा समितीने यंदाच्या आंतर-विद्याशाखा चषकाचं काम माझ्याकडे दिलं. कॅनडातल्या अल्बर्टात येऊन मला तीन वर्षं झाली, पीएच.डी. इंजिनिअरिंगमध्ये चालू आहे. विद्याशाखा आठ: कला, विज्ञान, इंजिनिअरिंग, कायदा, नर्सिंग, शिक्षणशास्त्र, वैद्यक, व्यवस्थापन. खेळ दोनच, पोहणं आणि कर्लिंग, म्हणजे जड दगड बर्फावरून सरकवून निशाणाच्या मध्याजवळ नेण्याचा खेळ. पोहण्यासाठी २५ मीटरचा सहा लेनचा तलाव १ मार्चला चार तास मिळालाय. कर्लिंगसाठी गावातल्या एका क्लबात चार शीट, म्हणजे बर्फाच्या लांब पट्ट्या, ८ आणि ९ मार्चला.

जुने निकाल काढून बसले. पोहण्यात पहिल्या तीन जागा दरवर्षी त्याच विद्याशाखांच्या. नावं बघितली तर बहुतेक जण शाळेपासून स्विमिंग क्लबातले. पन्नास मीटरच्या शर्यतीचा निकाल बराचसा दहा वर्षांपूर्वीच लागलेला असतो: घराजवळ तलाव होता का आणि पहाटे पाचला उठून गाडीने सोडणारं घरात कुणी होतं का. मी सांगलीकडची. पाठीला रिकामा डबा बांधून वडिलांनी विहिरीत सोडलं, चुलतभाऊ पाण्यात उभा. पंधरा दिवसांत डबा सुटला. सूर मारायला, तळाची माती वर आणायला तिथेच शिकले. पण क्लबात वाढलेल्या पोरांपुढे शर्यतीत मी आजही शेवटचीच येईन.

तर माझ्यापुढचं काम हे: ज्याला पोहता येत नाही किंवा जेमतेम येतं, त्याच्या येण्याने त्याच्या विद्याशाखेला खरोखर गुण मिळायला हवेत. नुसतं टाळ्या वाजवायला बोलावणं मला मान्य नाही.

शनिवार, ११ जानेवारी

क्लबात जाऊन बर्फ पाहिला. तिथले आइसमेकर सत्तरीचे आहेत, तरुणपणापासून हेच काम करतात. शीट ४५.७२ मीटर लांब, म्हणजे दीडशे फूट. मला वाटायचं बर्फ आरशासारखा गुळगुळीत असेल. तसा असता तर दगड अर्ध्यातच थांबला असता, असं ते म्हणाले आणि करूनच दाखवलं. पाठीला कोमट पाण्याची टाकी, हातात नळी, तिच्या टोकाला बारीक भोकांची झारी. शीटवर उलट्या पावलांनी चालत, हात डावी-उजवीकडे एका लयीत फिरवत ते थेंब शिंपडत गेले. थेंब पडले तिथेच गोठले. वाकून तळवा ठेवला तर बर्फ फणसाच्या सालीसारखा लागला, फक्त काटे अगदी बारीक. याला पेबल म्हणतात. मग पात्याने त्या थेंबांचे शेंडे एका पातळीत तासले.

दगड उलटा करून दाखवला. तळ वाटीसारखा खोलगट. बर्फाला टेकते ती फक्त एक गोल कडा, पाच-सहा मिलिमीटर रुंद. वीस किलोच्या आसपासचा ग्रॅनाइट (नियमाने १७.२४ ते १९.९६ किलो) एवढ्याशा कडेवर, त्या थेंबांच्या शेंड्यांवरून धावतो. ग्रॅनाइट बराचसा स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या निर्मनुष्य बेटावरचा. माझा अभ्यासविषय घर्षण आणि झीज. त्या कडेवरून बोट फिरवताना मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

मंगळवार, १४ जानेवारी

कर्णधारांची पहिली बैठक. आज संक्रांत, आईने पाठवलेला तिळगूळ नेला होता. एकेकाच्या हातावर ठेवून ‘गोड बोला’चा अर्थ सांगितला आणि पुढचे दोन तास भांडणं झाली.

माझे दोन प्रस्ताव होते.

पहिला कर्लिंगचा. प्रत्येक संघात आधी खेळलेला जास्तीत जास्त एकच खेळाडू, आणि त्याने आपले दोन दगड सगळ्यांत आधी टाकायचे. विज्ञानवाल्यांची हरकत: आमची अनुभवी मुलगी स्किप आहे, आणि स्किप शेवटचे दगड टाकतो. मी म्हटलं, स्किप म्हणजे डावपेच ठरवणारा, तिकडे हाउसमध्ये, म्हणजे निशाणाच्या वर्तुळांत, उभा राहून झाडू धरून निशाण दाखवणारा. शेवटी त्यानेच टाकलं पाहिजे असं नियमात कुठेही नाही. माझ्या मदतीला इंजिनिअरिंगचा कर्णधार आला, तो एडमंटनचा. म्हणाला, आमचा रँडी फर्बी स्किप होता आणि टाकायचा तिसऱ्या क्रमांकावर. शेवटचे दोन दगड डेव्हिड नेडोहिन टाकायचा. त्या संघाने ब्रायर, म्हणजे कॅनडाचं पुरुषांचं अजिंक्यपद, २००१, २००२, २००३ आणि २००५ असं चारदा जिंकलं. यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मान्य.

दुसरा पोहण्याचा: ‘अंदाज रिले’. आठ जण, प्रत्येकी २५ मीटर, कुठल्याही पद्धतीने. संघाने आदल्या दिवशी आपली एकूण वेळ लिहून द्यायची. लिहिलेल्या वेळेच्या सगळ्यांत जवळ येईल तो पहिला. तलावाचं घड्याळ झाकलेलं, काठावर कुणाच्या हातात फोन नाही. कायद्याचा कर्णधार म्हणाला, हा खेळच नव्हे. मी म्हटलं, स्वतःचा वेग ओळखून तो शेवटपर्यंत टिकवणं ही पोहण्यातली पहिली विद्या आहे, तुमच्या प्रशिक्षकाला विचारा. मतदान पाच विरुद्ध तीन. मान्य.

शुक्रवार, १७ जानेवारी

गुण पक्के केले. पोहण्याचे चार प्रकार: ५० मीटर फ्रीस्टाइल महिला, तेच पुरुष, ४ × ५० मेडली रिले (चार जण, प्रत्येकाची पोहण्याची पद्धत वेगळी), अंदाज रिले. प्रत्येकाला ९-७-६-५-४-३-२-१. कर्लिंगला हेच गुण चौपट, म्हणजे दोन्ही खेळांचं वजन सारखं.

शनिवार, २५ जानेवारी

कर्लिंगचा पहिला वर्ग. बत्तीस जण आले, त्यांतल्या सव्वीस जणांनी कर्लिंगचा बर्फ पहिल्यांदाच पाहिला. सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. इथे माणूस मागच्या मागे पडतो आणि डोकं आधी आपटतं.

एका बुटाखाली टेफ्लॉनचा गुळगुळीत तळ, दुसऱ्याला रबर. हॅकमध्ये, म्हणजे रबरी पायटेकूत, पाय रोवायचा आणि पायाच्या रेट्याने सरकत जायचं. दगड हाताने ढकलायचा नसतो, ताकद सगळी पायाची. सोडताना मूठ दहाच्या काट्यावरून बाराच्या काट्यावर आणायची, एवढीच गिरकी पुरते. हॉग लाइन, म्हणजे शीटवरची आडवी रेघ, यायच्या आत हात सुटला पाहिजे.

गिरकीची एक गंमत सगळ्यांना करून दाखवली. उलटा ठेवलेला काचेचा पेला टेबलावरून घड्याळाच्या दिशेने फिरवत सरकवला तर तो डावीकडे वळतो. कर्लिंगचा दगड तसाच फिरवला तर उजवीकडे वळतो. असं का, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी २०१३मध्ये मांडलं की दगडाची पुढची कडा बर्फावर बारीक ओरखडे काढते आणि मागची कडा त्या ओरखड्यांच्या आधाराने वळते. बाकीच्यांना ते पुरेसं वाटत नाही. मला हा वाद फार आवडतो.

नर्सिंगकडून अकोल्याची एक मुलगी आली आहे, पहिलं वर्ष. कॅनडातला पहिलाच हिवाळा. तिसऱ्या प्रयत्नात तिचा दगड बरोबर हाउसच्या आत जाऊन थांबला आणि ती बर्फावर गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. जाताना मराठीत म्हणाली, “ताई, हे जमून राह्यलं मले. पण पाण्याचं भेव लागते.”

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाहेर कडाक्याची थंडी, तलावाचं पाणी २७ अंश. पाण्यातल्या प्रवेश चाचण्या सुरू. निकष आम्ही इथल्या लाइफसेव्हिंग सोसायटीचा घेतला: खोल पाण्यात कोलांटी घेऊन उतरायचं, एक मिनिट जागच्या जागी तरंगायचं, मग ५० मीटर पोहायचं. वेग नाही, पद्धत नाही. हे झाल्याशिवाय अंदाज रिलेतही नाव नाही, यावर मी कुणाचंही ऐकणार नाही.

अकोल्याची मुलगी आली. पायऱ्यांवर छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली, कठडा सुटेना. मी शेजारी उभी राहिले. तिला म्हटलं, आज फक्त तोंड पाण्यात घालून फुंकर मारायची. वीस मिनिटं बुडबुडे काढले. पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ. मंगळवार-गुरुवारच्या नवशिक्यांच्या वर्गात आणखी सहा जणांबरोबर तिचं नाव घातलं. त्यांतले पाच जण परदेशातून आलेले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

माझी चूक. नियमपत्रकात मेडली रिलेचा क्रम मी बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्रीस्टाइल असा छापला. तो वैयक्तिक मेडलीचा. रिलेत बॅकस्ट्रोक पहिला असतो, कारण तो पाण्यातूनच सुरू करावा लागतो; मधे कुठेही आला तर निघणारा आणि पोहोचणारा एकाच भिंतीशी एकमेकांवर येतील. दोन संघ माझ्या चुकीच्या क्रमाने आठवडाभर सराव करत होते. दोघांच्याही सरावाला जाऊन समोरासमोर माफी मागितली. नवं पत्रक निघालं, ते आता दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय छापायचं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सुट्टीचा आठवडा संपत आला. नवशिक्यांच्या वर्गातले सातपैकी चार जण चाचणी पास झाले. अकोल्याची त्यांत आहे. तरंगण्याच्या मिनिटात तिची हनुवटी दोनदा पाण्याखाली गेली, दोन्ही वेळा पाय मारून वर आली. ५० मीटरला दोन मिनिटांच्या वर लागली. भिंतीला हात लागल्यावर बराच वेळ बोलली नाही, मग आईला फोन लावायला गेली. तिकडे रात्रीचे तीन वाजले असणार.

शनिवार, १ मार्च

पोहण्याचा दिवस. सविस्तर लिहिते, कारण नंतर वाद निघाले तर हेच कामाला येईल.

आठ संघ, सहा लेन. म्हणून चार-चारच्या दोन फेऱ्या, निकाल घड्याळातल्या वेळांवरून. भिंतीला हात लागताच वेळ नोंदणारी टचपॅड आमच्याकडे नाहीत. प्रत्येक लेनला तीन स्टॉपवॉच, तीन वेगळी माणसं. तीनपैकी दोन सारखी आली तर ती वेळ, तिन्ही वेगळी तर मधली.

मेडली रिलेची दुसरी फेरी. शेवटच्या फ्रीस्टाइलला विज्ञान आणि इंजिनिअरिंग खांद्याला खांदा लावून आले. विज्ञानाच्या लेनवर २:०४.३१, २:०४.३८, २:०४.५२. इंजिनिअरिंगच्या २:०४.२९, २:०४.४०, २:०४.४७. मधल्या वेळा ३८ आणि ४०. दोन शतांश सेकंद.

अंगठ्याने दाबलेल्या घड्याळात दोन शतांशाला काय अर्थ, असं इंजिनिअरिंगचा कर्णधार म्हणाला आणि त्याचं म्हणणं खरं आहे. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर मेडलीचं सोनं गुन्नार लार्सनने टिम मॅकीपेक्षा दोन सहस्रांशांनी नेलं. एवढ्या वेळात पोहणारा जेवढा पुढे जातो, त्याहून मोठा फरक दोन लेनच्या भिंतींच्या बांधकामात असू शकतो. त्यानंतर सहस्रांश मोजणं बंद झालं. म्हणून तर २०१६ला रिओमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये टोरंटोची पेनी ओलेक्सिआक आणि अमेरिकेची सिमोन मॅन्युएल दोघींना ५२.७० सेकंदांवर सोनं मिळालं.

पण हा निर्णय मी घ्यायचा नव्हता. मी स्वतः इंजिनिअरिंगची. मुख्य पंचांना कागद दिला आणि बाजूला झाले. त्यांनी शेवटच्या भिंतीवरच्या दोन्ही पंचांना वेगवेगळं विचारलं, दोघांनीही विज्ञान सांगितलं. घड्याळंही तेच म्हणत होती. विज्ञान पहिले. कर्णधार पुन्हा काही बोलला नाही, स्वतः जाऊन हात मिळवून आला.

मग अंदाज रिले. भिंतीवरच्या घड्याळावर मोठा टॉवेल टाकला. सकाळपासून आरडाओरडा होता, तो एकदम थांबला. वेळ कळत नाही म्हटल्यावर माणसं पोहणाऱ्याकडे बघायला लागतात. नर्सिंगने ४:१०.०० लिहून दिलं होतं. अकोल्याची सहाव्या क्रमांकावर. आदल्या पाच जणी थोड्या पुढे आल्या होत्या हे त्यांनाही जाणवलं असावं, तरी तिला कुणी ‘जोरात’ म्हणालं नाही. कर्णधार काठाने चालत फक्त “तुझ्या वेगाने, तुझ्या वेगाने” एवढंच सांगत होती. ती मान वर काढून, प्रत्येक हाताला श्वास घेत आली. एकूण वेळ ४:११.६३. चूक १.६३ सेकंद. शिक्षणशास्त्र २.९ सेकंदांच्या चुकीने दुसरं. इंजिनिअरिंग ठरवल्यापेक्षा एकोणीस सेकंद आधी पोहोचलं आणि शेवटचं आलं.

पोहण्याचे एकूण: विज्ञान २६, नर्सिंग २४, इंजिनिअरिंग २३. शिक्षणशास्त्र १३ वर.

कायद्याच्या कर्णधाराने जाताना अंदाज रिलेचं नियमपत्रक मागून घेतलं, त्याच्या गावच्या तलावासाठी.

शनिवार, ८ मार्च

कर्लिंगचे दोन गट, प्रत्येकी चार संघ, तीन-तीन सामने, सामना चार एंडचा. एंड म्हणजे दोन्ही संघांनी आपापले आठ दगड टाकून होईपर्यंतचा डाव. एंडला पंधरा मिनिटं धरली होती. पहिल्या फेरीला वीस लागली, नवखी माणसं दगड आणायलाच वेळ घेतात. दुपारचं जेवण पळवावं लागलं. बाकी सुरळीत.

कुणाला कळत नसेल तर एकदा लिहून ठेवते: एंड संपल्यावर एकाच संघाला गुण मिळतात, ज्याचा दगड मध्याच्या सगळ्यांत जवळ. प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या दगडाहून आत आपले जितके, तितके गुण. म्हणून शेवटचा दगड, हॅमर, ज्याच्या हातात त्याचं पारडं जड.

उपांत्य फेरीत नर्सिंग विरुद्ध कायदा, शिक्षणशास्त्र विरुद्ध विज्ञान. इंजिनिअरिंग पाचवं.

रविवार, ९ मार्च

इथे उन्हाळी वेळ सुरू झाली, आज पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली. समितीच्या फळ्यावर लिहिलं होतं, पण संघांना संदेश पाठवायचा माझ्याकडून राहिला. सकाळी नऊला विज्ञानाचा चौथा खेळाडू नाही. नियम असा की तिघं खेळू शकतात: पहिले दोघं प्रत्येकी तीन दगड टाकतात. ते तसे खेळले आणि एका गुणाने हरले. चौघं असते तर काय झालं असतं कुणी सांगू शकत नाही, पण संदेश पाठवणं माझं काम होतं. पुढच्या यादीत लाल शाईने.

दुसऱ्या शीटवर कायदा आणि नर्सिंग. चौथा एंड, कायद्याचा दगड चांगल्या वेगात चाललेला, दोघं पुढे झाडू मारत होते. घासलं की पेबलचे शेंडे किंचित ऊबदार होतात, दगड लांब जातो आणि कमी वळतो. पलीकडच्या हॉग लाइनच्या दोन हात अलीकडे त्यांच्यातल्या एकीने एकदम झाडू उचलला आणि पायाने दगड अडवला. “माझा झाडू लागला.” कुणीच पाहिलं नव्हतं. मी पाच पावलांवर होते, मलाही दिसलं नव्हतं. त्या भागात लागलेला दगड लगेच काढावा लागतो, तो तिने स्वतःच बाजूला नेऊन ठेवला. कर्लिंगमध्ये हे बोलून दाखवणं खेळाडूचं काम, पंचाचं नाही. सहा आठवड्यांपूर्वी तिने पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला होता. तो सामना ते हरले. दुपारी विज्ञानाला हरवून तिसरे आले.

अंतिम सामना सहा एंडचा. नर्सिंग ५, शिक्षणशास्त्र ४, शेवटचा एंड, हॅमर शिक्षणशास्त्राकडे. अकोल्याची मुलगी नर्सिंगची उपकर्णधार, म्हणून हाउसमधलं मोजमाप तिच्याकडे. शिक्षणशास्त्राचा शेवटचा दगड गुरगुरत आला. लांबच्या शीटवरूनही हा आवाज पोटात जाणवतो. आधीच आत असलेल्या आपल्या लाल दगडाला टेकून थांबला. एक लाल निर्विवाद सगळ्यांत जवळ. दुसरा लाल की नर्सिंगचा पिवळा, हे डोळ्यांना सांगता येईना. लाल असेल तर दोन गुण आणि चषकातलं कर्लिंग त्यांचं, पिवळा असेल तर ५-५ आणि जादा एंड.

मोजपट्टी आणली. मध्यावरच्या भोकात तिची खुंटी बसते, दांडा वर्तुळात फिरतो आणि टोकाची तबकडी दगडाला टेकली की काटा हलतो. हाउसमध्ये फक्त दोन्ही उपकर्णधार. बाकी सगळे हॉग लाइनच्या मागे. तिने दांडा आधी लालपाशी नेला, काटा बघितला. मग पिवळ्यापाशी. परत एकदा लालपाशी. समोरचा मुलगा काही बोलायच्या आत तिने पिवळा दगड पायाने बाजूला सरकवला आणि हात पुढे केला. ६-५, शिक्षणशास्त्र.

आइसमेकर आजोबा काचेमागून बघत होते. प्रथेप्रमाणे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना वर नेऊन पाजायचं असतं. तिने कोको घेतला.

संध्याकाळी क्लबातच सगळ्यांनी केलोनाहून ब्रायरची अंतिम लढत पाहिली. ब्रॅड जेकब्सच्या अल्बर्टाच्या संघाने जिंकली. आमच्यातले सव्वीस जण जानेवारीत यातलं काही समजू शकले नसते. आज एकेका दगडावर भांडत होते.

शुक्रवार, १४ मार्च

हिशेब पूर्ण. नर्सिंग २४ + २८ = ५२. शिक्षणशास्त्र १३ + ३६ = ४९. विज्ञान २६ + २० = ४६. चषक नर्सिंगकडे. ताळा दोघांकडून करून घेतला.

अंदाज रिलेचे गुण वगळले असते तर शिक्षणशास्त्र आणि नर्सिंग यांच्यात एका गुणाचाच फरक उरला असता, आणि विज्ञान नर्सिंगला गाठून बरोबरीवर आलं असतं. समितीला हे आकडे जसेच्या तसे दिले. पुढच्या वर्षी कुणी तो प्रकार काढायला निघालं तर काय निघून जातं हे त्यांना दिसलं पाहिजे.

हेल्मेटं क्लबाला परत केली, बत्तीसपैकी बत्तीस. स्टॉपवॉच चोवीसपैकी तेवीस, एकाचा शोध चालू. घड्याळावर टाकलेला टॉवेल माझाच होता, तो तलावाच्या काउंटरवरून आणला. तिथे अकोल्याची मुलगी एप्रिलच्या पुढच्या वर्गाचा अर्ज भरत उभी होती. मला बघून म्हणाली, “ताई, तुमच्या विहिरीत किती पाणी असते?” पावसाळ्यानंतर तीन पुरुष, मी सांगितलं.